ओव्याची धुरी

॥ श्रीगुरुकृपा सर्वांवर असो ॥

चि. महानंदा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

बेंगळुरूत यशोवर्धनाकडे सुखरूप आहे. केवळ नाक चोंदल्याने संध्येतील प्राणायाम आठ दिवस घडला नाही.

काल करवंटीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी घेतली, तोच छतावरील धुराचा भोंगा वाजला आणि इमारतीचे रखवालदार धावत आले. सूनबाई म्हणाली, "अप्पा, आता बाराव्या मजल्यावर यज्ञच मांडा!"

सर्दी गेल्यावाचून प्रवास नाही, असे मुलाचे म्हणणे. आणि या बंद खिडक्यांच्या घरात सर्दी जाणार नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? मला भाऊबिजेस तुझ्याकडे बेळगावी पाठवावे, असे त्याला फोनवर बजाव. आत्याचा शब्द तो मोडणार नाही.

हे वाचणाऱ्या सर्वांस परमेश्वर आरोग्य व मोकळी हवा देवो.