म्हाताऱ्याची नवी रेकॉर्ड आणि तुझा राजीनामा

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. (रागावून दिलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा मुकाट्याने घ्यायचे.) तुझी तब्येत बरी असेल, भावजयीचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि पोरं अभ्यासाचं सोंग नीट वठवत असतील, असं धरून चालते. मी ठीक आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईची पाठ जशी असायला हवी तशी माझी आहे, आणि सुईत दोरा ओवायला आता सुई, दोरा आणि देव असे तिघं लागतात. मधल्याचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. तुझा भाऊ खालावला आहे. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता महिन्यांची भाषा करू नका. मी विचारलं, मग कशाची करू? त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

फोन का नाही केलास, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं 'बरं, बरं' करतोस, मला रडू येतं, आणि शेवटी आपण तुमच्याकडे उकडतं का यावर येऊन थांबतो. कागदावर मला मध्येच तोडणारं कोणी नाही.

तर बातमी अशी, की तुमच्या त्या म्हाताऱ्याची नवी रेकॉर्ड आली आहे. (रॉक गायकाला म्हातारा म्हणायचं नाही, हे मला याच घरात तुम्ही दोघांनी ओरडून ओरडून शिकवलं. पण आता तो पंचाहत्तरीच्या पुढे गेला, मी साठीच्या, आणि ओरडायला तुम्ही दोघं एका छपराखाली नाही. तेव्हा म्हणणार.) दातवाल्या डॉक्टरांनी ती पहिल्याच दिवशी दुकानातून आणली, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट मधल्याच्या उशाशी ठेवली, आणि ती तिथंच आहे. फोडलेली नाही. कारण काय, तर तुमचा नियम! नवी रेकॉर्ड पहिल्यांदा लावायची ती चौघं हजर असताना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कोणी तोंड उघडायचं नाही, आणि मग ती जुन्या कुठल्या रेकॉर्डच्या वर आणि कुठलीच्या खाली, ते एकेकाने सांगायचं. चौघं म्हणजे मधला, दातवाले, बसड्रायव्हर (आता निवृत्त झालाय, पण खुर्चीत बसला तरी एक हात गिअर शोधत असतो) आणि तू. मागच्या खेपेला दुसरी बाजू निम्मी झाल्यावर तू उठलास. याने गाणं कधीच थांबवायला हवं होतं, याचं रडगाणं ऐकायला मी रात्रभर गाडीचे धक्के खाऊन येत नाही, असं म्हणालास आणि चालता झालास. मधला म्हणाला, पुन्हा येऊ नकोस. एरवी त्याचं एक ऐकत नाहीस, ते मात्र ऐकलंस. पण रीतसर काढून तुला कोणी टाकलं नाही. त्यामुळे तू अजून सभासद, तुझी वेताची खुर्ची अजून दाराशी, आणि कोरम काही भरत नाही. मधला म्हणतो, नियम म्हणजे नियम. अरे, ज्याला श्वास घ्यायला यंत्र लागतं, तो मला नियम सांगतो!

बरं, ऐकली नाही तर गप्प बसावं की नाही? छे! दर रविवारी ते दोघं येतात आणि न ऐकलेल्या रेकॉर्डची जुन्यांशी तुलना करत बसतात. (मला त्या रेकॉर्डी नावाने कधी कळल्याच नाहीत. घरात काय चाललं होतं त्यावरून कळतात. दुसरी म्हणजे ती वाजू नये म्हणून अण्णांनी घरातला फ्यूज काढून, खिशात घालून ऑफिसला नेला होता, ती. उंटाच्या चित्राची म्हणजे माझं लग्न मोडलं तेव्हा भिंतीपलीकडे अखंड चालू होती, ती. तिच्यातलं एक गाणं कुठे लागलं की अजून माझा टाका चुकतो. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.) नव्या रेकॉर्डवर म्हाताऱ्याचा हसरा फोटो आहे. दातवाल्यांनी खिशातलं भिंग काढून तो निरखला आणि जाहीर केलं, की वरची कवळी नवी आहे, बसलेली नाही, म्हणजे शब्द घसरणार. सबब ही रेकॉर्ड उंटाच्याही खाली. ड्रायव्हरचं म्हणणं, पाठीमागे गाण्यांची लांबी छापली आहे, शेवटचं गाणं चांगलं लांबलचक आहे, आणि ज्याला मध्ये गाडी थांबवावीशी वाटत नाही तो अजून दमलेला नाही. सबब ही दुसरीच्या तोडीची. मधला डोळे मिटून पडलेला असतो. मध्येच एक डोळा उघडतो, 'दुसरी ती दुसरी' म्हणतो आणि पुन्हा मिटतो. ते दोघं माना डोलावतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

गेल्या रविवारी तर कहर झाला. ड्रायव्हर म्हणाला, कवळीवरून गाणं ओळखणाऱ्याने आमच्या नादी लागू नये. दातवाले म्हणाले, ज्याने जन्मभर गाडीत हॉर्नच ऐकला त्याने कानाच्या गप्पा मारू नयेत. त्यावर ड्रायव्हर ताडकन उठला, तावातावाने दोन शब्द बोलला आणि परत बसला तो थेट ऑक्सिजनच्या नळीवर. यंत्र किंचाळायला लागलं. मी हातातला अर्धा शिवलेला झगा तसाच घेऊन, टाचण्यांसकट, धावले. बघते तर दोघं एकमेकांना ढकलत नळी शोधतायत. एक टाचणी दातवाल्यांच्या मांडीत गेली. (ते कळवळले. स्वतः लोकांना काय काय टोचत असतील!) आणि मधला? मधला शांतपणे पाणी पितोय. यंत्र कानाशी बोंबलतंय आणि याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मला वाटलं, काय हा धीर! दोघांना मी जिन्यापर्यंत हाकलून आले. येत्या रविवारी पुन्हा येतीलच. त्यांना तरी दुसरं कोण आहे?

मग मात्र माझं डोकं फिरलं. एका दुपारी वेष्टन कापलं आणि एकटीनेच रेकॉर्ड ऐकली. मी सभासद नाही, तेव्हा मला नियम लागू नाही. ऐकून झाल्यावर वेष्टन परत चढवलं, कडेला कागद धरून वरून इस्त्री फिरवली, छान चिकटलं. माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. आवाज गेलाय रे त्याचा. वरच्या पट्टीत जायला निघतो आणि अर्ध्या वाटेवर टेकतो. लागलेला दम ऐकू येतो, तोही कोणी काढून टाकलेला नाही. पूर्वीसारखी नाही, हे अगदी खरं. पण मी उठले नाही. एक गिऱ्हाईक दार वाजवून निघून गेलं, तरी मी बसून राहिले. हा टोमणा आहे, तुलाच आहे. तू म्हाताऱ्याच्या गाण्यातून उठलास याचा मला राग नाही, त्यातलं मला कळत नाही. मधला आजारी पडल्याचं कळूनही तू आला नाहीस, याचा मात्र आहे. खूप आहे.

आता कामाचं. तुला यायला जमणार नाही, हे मी धरूनच चालले आहे (रजा नसेल, गुडघा असेल, परीक्षा असतील, काहीतरी असेलच). तेव्हा एका कागदावर दोन ओळींचा राजीनामा लिहून पाठव. तू सभासद नाहीस म्हटल्यावर तिघांत कोरम भरेल, रविवारी रेकॉर्ड लागेल, आणि माझ्या घरातलं भांडण निदान ऐकलेल्या गोष्टीवरून तरी होईल. भावजयीला गुडघ्याला शेक द्यायला सांग. पोरांना माझे पापे.

तुझी,
ताई

ता. क. : वेष्टनाचं कोणाकडे बोलू नकोस. डाव्या कोपऱ्यात जरा चुरगळलंय, आणि दातवाल्यांकडे भिंग असतंच.

ता. क. २ : राजीनामा पाठवू नकोस. पत्र बंद करायला घेतलं आणि करवेना. मी रेकॉर्ड एकटीने ऐकली असं वर लिहिलंय, ते तसं नाही. मधल्याच्याच खोलीत लावली, त्याच्या पाठीमागे, आवाज होता नव्हता तेवढा सोडून. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. म्हटलं, चिडेल, शिव्या देईल, पण ऐकेल तरी. एक बाजू संपली. मी उलटली. दुसरीही संपली. त्याने मान वळवली नाही. चहा घेऊन समोर गेले तेव्हा माझा चेहरा बघून त्याला समजलं, की मला समजलं. औषधांनी त्याचे कान गेलेत, धाकट्या. पार गेलेत. मोठे डॉक्टर म्हणाले, ते आता परत येत नाहीत. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून ओळखतो, एवढंच. त्या दोघांना पत्ता नाही, कारण त्या खोलीत पहिल्यापासून कोणी कोणाचं ऐकतच नव्हतं. त्यांना कळू नये म्हणून हा नियम पुढे करत बसलाय. मी म्हटलं, अरे, मी सांगते कशी आहे ते. म्हातारा दमलाय आणि मागे ड्रम हळूहळू वाजतात. तो कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, ताई, तू राहू दे. धाकट्यानेच सांगायला हवं. तो माझं मन राखायला खोटं बोलणार नाही.

ता. क. ३ : तेव्हा ये. मिळेल त्या गाडीने ये. रेकॉर्ड मी लावते, तू त्याच्या समोर उजेडात बस आणि एकेक गाणं त्याला सांग, कुठल्या जुन्याच्या वर आहे, कुठल्याच्या खाली. वाईट असेल तर वाईट सांग. आणि भावजयीने पाठवलेल्या फोटोत ती झुडपासारखी मिशी वाढवलेली दिसतेय, ती काढून ये. त्याला तुझे ओठ दिसले पाहिजेत.