वेदिकाच्या ठोकळ्यावरची फुली

गुरुवार, संध्याकाळ

आज छापचित्रांच्या भर वर्गात वेदिकाला तिच्याच ठोकळ्यावर फुली मारायला लावली. मिरकरवाड्यातल्या खलाशाची पोर. लाकडात बापाचा चेहरा कोरला होता. पाच छाप झाले की फुली कोरून ठोकळा बाद करायचा, म्हणजे पुढे कुणी छाप काढू नयेत, नियमच आहे, असं मी ठणकावलं.

"बाबा समुद्रात बुडून गेले, सर. ठोकळा तसाच घरी नेला तर चालणार नाही काय?"

"नाही. मार. खोल मार."

तिने मारली. दोन रेघा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

विद्यार्थ्यांना हा नियम कोण लावतं? मी तरी आधी कुणाला लावला होता? वीस वर्षं शिकवतोय, त्या चेहऱ्यातल्यासारखी एक रेघ माझ्या हातून उतरली नाही. म्हणून लावला, दुसरं काय!

फुलीसकट एक छाप काढून घरी आणलाय. मघापासून बघतोय. फुलीसुद्धा माझ्याहून चांगली कोरलीय तिने.