भिंतीवरचा मामा

अलोयझदादा,

"चित्रं काढून पोट भरतं का?" असं तू माझ्या लेकीला, यागोदाला म्हणालास, तेव्हा मी गप्प बसले. त्याची आता लाज वाटते.

परवा सीमेवरच्या चेशिन गावात तिच्या कॉलेजचं चित्रप्रदर्शन पाहिलं. भिंतीवर तिनं रंगवलेला तूच होतास. खाणीतून नुकताच वर आलेला, काळाकुट्ट, हसणारा. नदीपलीकडून आलेला एक चेक म्हातारा तिथून हलेना.

"मीही जन्मभर कोळसाच खणला. विकणार का हे, पोरी?"

"नाही आजोबा, माझ्या मामाचं आहे ते."

मी पोरांच्या त्या गलक्यात ओरडले, "माझी लेक आहे ही! आणि तो माझा भाऊ!"

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी ती स्वतःच चित्र घेऊन तुझ्याकडे येणार आहे आणि आधी हे दाराखालून आत सरकवणार आहे. दार उघड, दादा.

तुझी लुत्सीना