आकाशिमाची तिसरी नेमणूक आणि माझी मालमत्ता

मी, श्रीमती कुमुदिनी पंढरीनाथ खांबेटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण बी.एस्सी. (संख्याशास्त्र), राहणार उरायासु, जपान, आज रविवारी सकाळी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि चहा घेऊन हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी पूर्वी ते आणून पाहिले, त्यांनी नाद सोडला आहे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मी विचारले, शंभरातले किती जण घरी परत जातात? त्यांनी आकडा सांगितला. आकडा चांगला आहे, पण शंभर नाही. म्हणून हा लेख.

याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले २०१२ साली यजमान गेल्यावर केले. ते समंजस होते. दुसरे २०१६ साली मुलाच्या नोकरीमुळे केले. तिसरे २०१८च्या मार्चमध्ये आइस हॉकीच्या उपांत्य सामन्याहून घरी आल्या आल्या, कोट न काढता केले. त्यातली भाषा आज मला शोभत नाही. सामन्याबद्दलचे मत कायम आहे.

कलम १. मला दोन अपत्ये. थोरली कश्मिरा, ओसाकाच्या विद्यापीठात संशोधक. धाकटा रणजित, वय एक्केचाळीस, पूर्वी टोकियोत संगणक अभियंता, सध्या आकाशिमा येथे. आकाशिमा म्हणजे काय, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम २. कॉलेजात मी हॉकीच्या संघात फुलबॅक खेळत असे. तेव्हाची माझी लाकडी स्टिक कश्मिराची मुलगी नेत्रा हिला द्यावी. मी मराठीत विचारते, "अभ्यास झाला का गं?" ती जपानीत सांगते, "मादा," म्हणजे अजून नाही. प्रश्न मराठी आणि उत्तर जपानी असले तरी अभ्यास झालेला नसतो हे दोघींना कळते, त्यामुळे भाषेबद्दल माझी तक्रार नाही. स्टिक गवतावर खेळायची आहे, बर्फावरची नव्हे. तिने ती भिंतीला टांगून ठेवू नये.

कलम ३. मोठा प्रेशर कुकर लता उपासनी हिला द्यायचा होता. लता आमच्या मंडळाची (कलम ४) सभासद आणि या लेखाची साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा संकेत आहे. तिला स्पष्ट विचारले, "कुकर की सही?" ती म्हणाली, "सही, काकू. कुकर अजून तुम्हीच वापरणार आहात." तेव्हा कुकर कश्मिराला.

बँकेतली ठेव दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. हॉकीची मासिके कपाटात वर्षवार लावली आहेत. ती टाकायची झाल्यास कागदाचा कचरा नेतात त्याच वारी टाकावीत, दोरीने बांधून. जळणाऱ्या कचऱ्यात घालून खांबेट्यांचे नाव इमारतीत खराब करू नये.

कलम ४. वांगान मराठी प्रेक्षक मंडळाचे इतिवृत्ताचे वही-दप्तर सभासद प्रकाश तुळपुळे यांच्याकडे जावे. तेही साक्षीदार आहेत, पण दप्तर मंडळाचे आहे, माझे नव्हे, म्हणून चालते. वांगान हा इथला, खाडीकाठचा आइस हॉकीचा क्लब. हे मंडळ माझ्या यजमानांनी २००५ साली काढले. प्रयोगशाळेत धातू वितळवून कंटाळले की ते थंड ठिकाणी जाऊन बसत, तिथून हा छंद लागला. मंडळात कधीच अकराहून जास्त सभासद नव्हते, पण सभा, ठराव, सूचक, अनुमोदक हे सगळे रीतसर होत आले आहे. पहिल्यापासून मी चिटणीस आहे. प्रकाश यांनी शुद्धलेखन सुधारावे.

कलम ५. आकाशिमा. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे हे गाव आणि त्याचा क्लब आमचा जुना प्रतिस्पर्धी. २०११च्या भूकंपात त्यांच्या रिंकचे छप्पर गेले. संघ चालवणाऱ्या कंपनीने संघ बंद केला. खेळाडू पांगले. इकडे उरायासुतही भूकंपाने जमीन चिखलासारखी पातळ होऊन नळ बंद पडले होते, आणि यजमान पासष्टी ओलांडून पाण्याचे डबे चार मजले चढवत होते. तरीही आम्ही मंडळातर्फे आकाशिमाला लोकरीचे मोजे पाठवले. पुढे गावकऱ्यांनी क्लब पुन्हा उभा केला आणि तो तीन वर्षे गुणतक्त्यात शेवटचा राहिला. मोज्यांबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. त्यांनी शेवटचे राहावे असेही मला वाटत होते. दोन्ही खरे आहे.

२०१६च्या मार्चमध्ये आकाशिमाने कार्यालयात तीन नवी माणसे घेतल्याचे जाहीर केले. प्रतिस्पर्ध्याने कोणाला नोकरीवर ठेवले याची आपल्याला उठाठेव कशाला, असे कश्मिरा म्हणते. तिला हॉकी कळत नाही. संघाची पुनर्बांधणी बर्फावर होत नाही, कार्यालयात होते. म्हणून मी माझ्या घरी सभा बोलावली. पोहे केले होते. चर्चा इतिवृत्तात आहे. मुख्य भाग असा:

प्रकाश म्हणाले, "काकू, जनरल मॅनेजर म्हणून त्यांनी कोण आणलाय माहितेय? ओनोदेरा म्हणून आहेत. मासळी बाजारात लिलाव पुकारायचे!"

लता म्हणाली, "बरं झालं की. शिळा खेळाडू वासावरून ओळखतील."

"आणि स्काउट? निवृत्त पीटीचे मास्तर. गाडी चालवत नाहीत. शाळाशाळांतून खेळाडू बघायला बसने जाणार."

"ते पोचेपर्यंत पोरांची लग्नं झालेली असतील."

तिसरी नेमणूक माहिती-विश्लेषकाची होती. नाव एप्रिलमध्ये कळवू, असे पत्रकात होते. एवढेच लिहिले होते की संगणक क्षेत्रातला अनुभव दांडगा, हॉकी खेळण्याचा अनुभव नाही. मी म्हणाले, "ज्यानं जन्मात हातात स्टिक धरली नाही, तो बचावपटूंचे आकडे मांडणार? मी संख्याशास्त्र शिकलेय. मोजायचं काय, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात मोजपट्टी देऊ नये." सगळ्यांना पटले. रणजित खिडकीशी बसून संत्री सोलत होता.

मी ठराव मांडला: "आकाशिमाच्या तीन नेमणुकांपैकी तिसरी सर्वांत अविचारी असून संबंधित गृहस्थाने रुजू होण्यापूर्वीच माघार घ्यावी, असे हे मंडळ सुचवते." अनुमोदन कोणाचे, असे विचारल्यावर रणजितने मान वर न करता म्हटले, "माझं." हे नेहमीचे होते. मंडळातला प्रत्येक ठराव मी मांडत असे आणि तो अनुमोदन देत असे. नाहीतर प्रकाश आणि लता यांच्यात कोणाचे नाव घालायचे यावरून जुंपत असे. त्याने सही केली. जपानी भाषांतरही त्यानेच केले, कारण आमच्यात आदरार्थी जपानी त्याचेच चांगले. ठराव संबंधित क्लबला टपालाने पाठवायचा, हाही आमचा शिरस्ता.

पाकीट बंद करायच्या वेळी तो म्हणाला, "आई, तो तिसरा मी आहे."

मी विचारले, "मग अनुमोदन कशाला दिलंस?"

"तू विचारलंस म्हणून. आणि ठरावात खोटं काही नाही. मला स्टिक धरता येत नाही."

"मग माघार घे."

"नाही घेणार."

लता म्हणाली, "काकू, पाकीट राहू द्या मग." मी सांगितले, मंजूर झालेला ठराव चिटणिसाच्या मुलासाठी अडवता येत नाही. स्टेशनपर्यंत चालत जाऊन मी ते टपालपेटीत टाकले.

याबाबतीत माझे वागणे नियमाला धरून होते, हे मी येथे नमूद करते. ते शहाणपणाचे होते असे मी म्हटलेले नाही.

कलम ६. ओनोदेरा-सान यांनी तो ठराव चौकट करून कार्यालयाच्या दारात लावला आहे, असे कळते. रुजू व्हायला आलेल्या पहिल्या दिवशी रणजितने आपलीच सही तिथे पाहिली. ती चौकट ही माझी मालमत्ता नाही, त्यामुळे तिची व्यवस्था लावता येत नाही. लावता आली असती तर लावली असती.

त्यानंतर तो दर रविवारी फोन करतो. आम्ही हवामानावर बोलतो. एका जानेवारीत तो त्यांच्या क्लबचे निळे जाकीट घालून आला. मी ते बाल्कनीत टांगायला लावले. परत जाताना ते गोठून कडक झाले होते, ते तसेच अंगात घालून तो गेला. पुन्हा आला नाही. पुढच्या मार्चमध्ये, त्या २०१८च्या उपांत्य सामन्यात, आकाशिमाने आमच्या डाव्या बगलेतून चार गोल केले. डावी बगल कच्ची आहे हे मी घरी जेवताना दहा वर्षे बोलत होते आणि तो ऐकत होता.

कलम ७. उरायासुचे राहते घर. हे घर रणजितला मिळावे. मात्र माझ्या पश्चात सहा महिन्यांच्या आत त्याने आकाशिमाच्या क्लबची नोकरी सोडली पाहिजे. न सोडल्यास घर कश्मिराला. कश्मिराने फोनवर कळवले आहे, "आई, मला नको तो फ्लॅट. तुमच्या भांडणात मला गोलरक्षक करू नकोस." तिचे म्हणणे नोंदवले. अट कायम.

कलम ८. इस्पितळाबद्दल. शस्त्रक्रियेच्या कागदांवर जामीन म्हणून नातेवाईकाची सही आणि नावाचा शिक्का लागतो. प्रकाश म्हणाले, "मी करतो, काकू." काउंटरवरच्या बाईंनी हसून, दोनदा कमरेतून वाकून नाही म्हटले. कश्मिरा परिषदेसाठी परदेशी आहे. मी रणजितला कळवले नव्हते. इस्पितळाने कळवले. तो काल शिक्का खिशात घालून आला. जाकीट साधे काळे होते. सध्या तो स्वयंपाकघरात बसला आहे, कारण मृत्युपत्र लिहिले जात असताना वारसाने समोर बसू नये. साक्षीदार माझ्यासमोर चिवडा खात आहेत.

येथे लेखन पाऊण तास थांबले. कारण पुढीलप्रमाणे.

स्वयंपाकघरात रणजित फोनवर ओनोदेरा-सान यांच्याशी बोलत होता. एका चोवीस वर्षांच्या बचावपटूला घ्यावे की नाही, असा विषय होता. मी ऐकत नव्हते. ऐकू येत होते. रणजित म्हणत होता की आकडे उत्तम आहेत, करार करायला हरकत नाही. तेव्हा मी बसल्या जागेवरून सांगितले, "त्याला घेऊ नका. खांद्याला मार बसल्यापासून तो डावीकडे वळत नाही. वळल्यासारखं करतो."

रणजित फोन हातात धरून दारात आला. "कधीपासून?"

"नोव्हेंबरातल्या दुसऱ्या सामन्यापासून."

"आकड्यांत दिसत नाही, आई."

"कसं दिसेल? तुम्ही तो वळला की नाही ते मोजता. किती उशिरा वळला ते मोजा."

त्याने फोनचा स्पीकर लावला. ओनोदेरा-सान यांनी फार नम्रपणे विचारले की हा मोलाचा सल्ला कोणाचा. रणजित म्हणाला, "आपल्या दारातल्या ठरावाच्या सूचक." पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. गृहस्थ उठून उभे राहिले होते. माणूस मला वाटला होता त्यापेक्षा बरा आहे. त्यांनी आणखी दोन खेळाडूंबद्दल विचारले. विचारल्यावर मला खोटे बोलता येत नाही.

प्रकाश म्हणाले, "काकू, हे आपल्या मंडळाच्या नियमात बसतं का?"

लता म्हणाली, "याला फितुरी म्हणतात."

फोन ठेवल्यावर रणजित माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. त्याची वही उघडीच होती. मी सांगितलेले सगळे त्याने त्यात उतरवून घेतले होते. म्हणाला, "गुरुवारनंतर मी कोणाला विचारू?"

मी म्हणाले, "शुक्रवारी विचार. तोवर शुद्धीवर आले असेन."

चिवड्याची बशी त्याने रिकामी केली. मग मी त्याला परत स्वयंपाकघरात पाठवले, कारण कायदा तो कायदा.

दुरुस्ती. जपानी पद्धतीप्रमाणे खोडलेले शब्द मोजून, तसे लिहून शिक्का मारते: कलम ७ मध्ये "मात्र" पासून "कश्मिराला" पर्यंतचे सोळा शब्द खोडले. नवा एकही घातला नाही. त्याच कलमातले "अट कायम" हेही दोन शब्द खोडले. कारण: ज्या कामासाठी मुलाचे घर अडवायचे, तेच काम आज साक्षीदारांदेखत मी स्वतः विनावेतन केले आहे. घर विनाअट रणजितचे. मी जगले तरी किल्ली त्याला आजच देत आहे.

वांगान मराठी प्रेक्षक मंडळाच्या चिटणीसपदाचा राजीनामा सोबत जोडला आहे. सभासदत्व सोडलेले नाही. डाव्या बगलेबद्दल मी आमच्या क्लबलाही आजच लिहिणार आहे. त्यांना हे आधी सुचायला हवे होते.

हा लेख मी वाचून पाहिला, आणखी खाडाखोड नाही, मजकूर मला मान्य आहे.

स्थळ: उरायासु
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९

(सही व शिक्का)
कुमुदिनी पंढरीनाथ खांबेटे

साक्षीदार:
१. प्रकाश तुळपुळे (सही). काकूंनी आमच्यासमोर सही केली. दुरुस्ती वाचली. चिवडा संपला आहे.
२. लता उपासनी (सही). मंडळाची सभासद या नात्याने दुरुस्तीचा निषेध नोंदवून, आणि काकूंच्या शेजारी राहणारी या नात्याने तिला अनुमोदन देऊन.