चूक न काढलेली तीन पत्रं

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कार्यक्रम छान झाला, तू छान वाजवलंस, लोक उठून उभे राहिले, असं लिहिलंयस. कपाटातून त्याआधीची दोन पत्रं काढली, तर त्यांतही तेच. चौतीस वर्षं माझ्या प्रत्येक कार्यक्रमानंतर तू पत्र लिहितेस आणि प्रत्येकात माझी बिनपाण्याने केलेली असते. दुकानात तू शिवलेला झगा उलटा करून टाके बघतेस, तशीच माझी गिटार ऐकत आलीस. आणि आता लागोपाठ तीन पत्रांत नुसती शाबासकी. आजारी माणसाशी असं बोलतात.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत चाललंय, हे तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात, कोपरातली नस दबलीय, गेलेलं परत येणार नाही. पण वाजवताना मला अजून माझं जुनंच वाजवणं ऐकू येतं, त्यामुळे काय बिघडलंय ते कळत नाही. वीस मार्चला मोठा कार्यक्रम आहे. ड्रमवाला हो की नाही विचारतोय. तू खरं सांग, स्टेजवर उभा राहू की नको?

कळावे. लोभ आहेच, या वेळी तो जरा बाजूला ठेवून लिही.
तुझा दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सगळे बरे. यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण फक्त बाजारात जायचं म्हटलं की. दुकानात शाळेचे गणवेश आलेत, एकशे चाळीस कॉलरी लावायच्या आहेत.

तुला कौतुक सोसत नाही, हे नवीनच ऐकते. साठीला आलेली बहीण थोडी नरम पडली तर बिघडलं कुठे? तुझं वाजवणं मला का आवडतं, ते मी कधी लिहिलंच नाही. रॉक वाजवणारे बाकीचे सुसाट धावतात, तू थांबतोस. तार बोटाने खेचत हळूहळू वर नेतोस, सुराच्या अगदी खाली थबकतोस, आख्खा हॉल श्वास रोखून बसतो, आणि मग कुठे पोचवतोस. पोचलास की ड्रमवाल्याकडे बघून हसतोस. रेकॉर्डवर ते कधीच उतरलं नाही. ते समोर बसूनच ऐकावं लागतं.

कार्यक्रमाचं तुझं तूच ठरव. हात शेकतोस ना?

आशीर्वाद असू दे, आणि शंका कमी कर.
तुझी ठमी

ता. १६ फेब्रुवारी

चि. ठमीस, आशीर्वाद.

पानभर गुडघा आणि कॉलरी, आणि विचारलं त्याला बगल. जे आवडतं म्हणून लिहिलंस ते सगळं जुनं आहे, हे न कळण्याइतका मी बावळट नाही.

काल नेहमीसारखा सकाळी दहा ते एक वाजवायला बसलो. टेप करून ठेवलं, पण ऐकायचा धीर झाला नाही. ड्रमवाल्याला विचारलं, तो म्हणाला मस्त. बेसवालाही म्हणाला मस्त. चाळीस वर्षांत या दोघांनी मला मस्त म्हटलं नव्हतं. तुझी वहिनी असती तर तिच्या चेहऱ्यावरूनच समजलं असतं. आता घरात विचारायला भिंती आहेत.

मी घाबरलोय, ठमे. वाईट वाजवण्याची भीती नाही वाटत. वाईट वाजवतोय, सगळ्यांना ते माहीत आहे आणि मला एकट्यालाच नाही, याची वाटते. मी तुझ्या पाया पडतो. सांग.

दादा

ता. २३ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

पाच दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय.

वहिनी गेली तेव्हा तू जेवण सोडलं होतंस. नवव्या दिवशी गिटार हातात घेतलीस आणि त्यानंतर पहिला घास खाल्लास. मी समोर होते. तीच गिटार तुझ्या हातून गेली तर तू उरशील का, या भीतीने मी खोटं लिहिलं. तीन वेळा लिहिलं.

आता खरं लिहिते. तार वर जाते, पण पोचत नाही. तू थबकतोस तिथेच ती राहते. लोकांना वाटतं तू मुद्दाम थांबलायस, ते वाट बघतात, आणि तू तसाच पुढे निघून जातोस. ऑक्टोबरात हे एकदा झालं, डिसेंबरात चारदा, जानेवारीत प्रत्येक वेळी. पोचलो असं समजून तू ड्रमवाल्याकडे बघून हसतोस आणि तो मान खाली घालतो. मला ते बघवत नाही. लोक उठून उभे राहिले ते खरं, पण तुझ्या चाळीस वर्षांसाठी उभे राहिले. त्या दिवशीच्या वाजवण्यासाठी नाही.

दादा, नको उभा राहूस.

हे लिहिताना माझा जीव तुटतोय. रागाव, बोलू नकोस, पण जेव.

तुझीच,
ठमी

ता. २ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

ड्रमवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो फोनवर रडायला लागला आणि मलाच त्याची समजूत घालावी लागली. तेवढा वेळ बरा गेला. तुझ्यावर दोन दिवस रागावलो, तिसऱ्या दिवशी जेवलो.

मग तुझी सगळी पत्रं काढून बसलो. एकशे सतरा आहेत. ती तीन वेगळी ठेवली. उरलेल्यांत तू मला इतकं झोडपलंयस की काही ठिकाणी हसू आलं. पण एका पत्रात, पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये वाजवलं होतं तेव्हाच्या, एकच ओळ आहे : शेवटच्या गाण्यात मला चूक सापडली नाही. तेव्हा वाटलं होतं, हिला लिहायला वेळ मिळाला नसेल. परवा ती ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे. तू आत्ता खरं लिहिलंस म्हणून ती खरी ठरली. चौथ्यांदा खोटं लिहिलं असतंस तर तीही गेली असती माझ्या हातून.

माझ्याकडे एवढंच शिल्लक आहे आणि ते थोडं नाही, हे मला कळतं. पण रोज सकाळचे दहा वाजतात, आणि एक वाजेपर्यंत काय करायचं ते कळत नाही. गिटारच्या तारा सैल करून ठेवल्यात. खुर्चीत बसतो. बोटं गुडघ्यावर आपोआप चालायला लागतात. दोन चालतात, दोन चालत नाहीत, आणि मी बघत बसतो.

दुकान चार दिवस बंद ठेवता आलं तर ये. काही बोलायला नको. फक्त दहाच्या आत ये.

तुझ्या लोभावर विसंबून,
दादा