घडीचा कॅमेरा, ट्विन लेन्स आणि ताई

मी, खाली सही करणारा, वय एकोणतीस, धंदा लिफ्ट-दुरुस्ती, शिक्षण नववीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी कारण नसतानाही करतो, आणि आता त्याचाही थकवा आला आहे. शुद्धलेखन दोनदा तपासले आहे.

१. खोली भाड्याची आहे. किल्ली घरमालकीणबाईंना द्यावी. नळ गळतो हे त्यांना सात वेळा सांगितले. ही आठवी समजावी.

२. पाने, पक्कड, टेस्टर कामावरच्या जोडीदाराला, ज्याला सगळे 'ढिला नट' म्हणतात. हत्यारे पुसून ठेवावीत ही विनंती आहे. आशा नाही.

३. घडीचा कॅमेराही त्यालाच. माझे दोन्ही कॅमेरे मीडियम फॉरमॅटचे, म्हणजे रुंद फिल्मचे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. घडीचा उघडला की भाता पुढे सरकतो आणि बघणारे 'वा' म्हणतात. मी तो त्या 'वा'साठी घेतला. प्रत्येक फोटोनंतर मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवावी. विसरल्यास एकावर एक दोन फोटो उमटतात. ताईच्या लग्नात मी विसरलो. "फोटोग्राफर कशाला, मी आहे ना," असे मीच म्हणालो होतो. आईचा एकच फोटो काढला. दोन महिन्यांनी आई गेली, त्यानंतर रोल धुतला. ताई आधी हसली. "अरे, आईला मामंजींच्या मिशा!" मग म्हणाली, "दुसरा आहे ना?" दुसरा नव्हता. चार वर्षे झाली, ताई माझ्याशी बोलत नाही.

४. ट्विन लेन्स, म्हणजे वर-खाली दोन भिंगांचा, कॅमेरा त्यानंतर घेतला. फिल्म पुढे सरकवल्याशिवाय हा दुसरा फोटो काढूच देत नाही. छातीशी धरून वरून काचेत पाहायचे. मान खाली जाते, म्हणून समोरचा माणूस अवघडत नाही, मीही नाही. काचेतले चौकोनी जग डावे-उजवे उलटे असते, पण फार शांत असते. असा कॅमेरा निवडताना गळ्यात अडकवून चार मजले चढून पाहावे. मला दम लागला, तरी घेतला. दमाचे कारण नंतर कळले.

हा कॅमेरा ताईला. मात्र तिने स्वतः येऊन, मला माफ केले असे बोलून न्यावा.

५. साक्षीदारांसमोर हे वाचून दाखवताच शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे शहाण्या, तू गेल्यावर ती बोलणार कोणाशी? कॅमेऱ्याशी? जिवंत आहेस तोवर जा की!" औषधदुकानदार म्हणाले, "जा, पण जिने हळू चढ."

म्हणून कलम चारमधील अट मी रद्द करत आहे. खोडलेल्या ओळीवर सही केली आहे. उद्या, बुधवारी, कॅमेरा घेऊन मी स्वतः ताईकडे जात आहे. माझी चूक झाली, हे वाक्य मी अजून तिच्यासमोर म्हटलेले नाही. आईचा फोटो बिघडला तेव्हा मी कॅमेऱ्याला दोष दिला होता. तिने दार लावून घेतले तर कॅमेरा उंबऱ्यावर ठेवून परत येईन. तरीही तो तिचाच.

ठिकाण: माझी खोली, दुसरा मजला
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, दुपार
सही: लिहिणारा
साक्षीदार: शेजारच्या काकू (सही चष्म्याशिवाय केली आहे), कोपऱ्यावरचे औषधदुकानदार