एक जूनला जन्मलेला देश

सालवड, रविवार

ती. दादूमामांना चिंतूचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता ओटा चढू देतो का, आणि मामी मीठ खरोखर कमी खातात का, ते दोन्ही कळवावे. इथे आई बरी आहे. माझी धाकटी बहीण पूर्वी, ती तर जरुरीपेक्षा जास्त बरी आहे. मोनालीच्या घरून लग्नाचे उत्तर अजून आलेले नाही, ती काळजी वेगळीच. पण मामा, मी तीन दिवस सुन्न आहे. (शब्द शब्दकोशात पाहून लिहिला आहे. नववीत शाळा सोडली, ऱ्हस्व-दीर्घ सोडलेले नाहीत.)

बोईसरचा माझा मित्र मेहुल कॉम्प्युटरवर एक खेळ बनवतो. त्यात देश चालवायचा, म्हणजे कायदे करायचे, धरणे बांधायची, लोकांच्या शिव्या खायच्या. देशात लोक किती ते दिसे, पण कोण किती वयाचे ते दिसत नसे. म्हणून वयाचा तक्ता जोडायचे ठरले. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, तळाला तान्ही मुले, शेंड्याला म्हातारी. तपासायला खरी माणसे हवीत म्हणून मी सफाळ्याकडच्या आपल्या पाड्यातली दोनशे बारा माणसे कागद बघून एकेक करून भरली. (काना-मात्रा दोनदा तपासला.)

खेळ सुरू केला. ३१ मेपर्यंत देश शांत होता. १ जून उजाडला आणि अख्खा तक्ता उचकी लागल्यासारखा एक पायरी वर उडाला. मी खुर्चीवरून उठलोच. दोनशे बारांतले एकशे नव्वद जण १ जूनचे! त्या एका सकाळी एकोणीस माणसे साठीची झाली, खेळाच्या नियमाप्रमाणे घरी बसली, आणि भात लावायला माणूस कमी पडला. मेहुल म्हणाला, "तुमच्या पाड्यात सुईण वर्षातून एकदाच येते काय रे?" सुईणीचा दोष नाही. शाळेत नाव घालताना तारीख विचारली की बाप आभाळाकडे बघायचा आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. आधीच्या गुरुजींनी तेच केले, मग गुरुजी झाल्यावर तुम्हीही. (राग नाही. अक्षर सुंदर आहे.)

खरा धक्का पुढेच. माझी तारीख १ जून २००२. आपली पूर्वी मात्र दवाखान्यात झाली, तिचा पक्का दाखला १९ जानेवारी २००३ चा. मध्ये साडेसात महिने! पडद्यावर लाल अक्षरे आली, 'एका आईला ही दोन मुले शक्य नाहीत. एक काढून टाका.' मेहुलने दाखला बघून पूर्वीला ठेवले आणि मला काढले. मी भरलेल्या देशात मीच नाही! घाबरून आईला विचारले, मी तुझाच ना? तर म्हणते, "भात झोडीत होतो तवा झालास. आता काय पावती देऊ?" पूर्वी म्हणते, आता घरात मीच मोठी, तू पाणी भर. दोन दिवस भरतो आहे.

तरी मामा, तुमची घरची जुनी वही काढून, कुठे नोंद असेल तर, माझी खरी तारीख शोधावी. खोट्या तारखेवर मला आता एक दिवसही जगवत नाही.

तारखेच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला भाचा,
चिंतू

ता. क. पाकीट चिकटवताना मोनालीचे वडील आले. ती तुमच्याच शाळेतली, माझ्याच वर्गातली, त्यामुळे तिचीही तारीख १ जून २००२. दोघे एकाच दिवशी जन्मले हा देवाचाच कौल, असे म्हणून त्यांनी होकार दिला. आईने लगेच गूळ वाटला.

पुन्हा ता. क. वही उघडू नये. कोणी विचारलेच, तर त्या दिवशी दोन्ही बाळे तुम्ही स्वतः पाहिली होती असे सांगावे. देशात मी नसलो तरी चालेल. पाणीही भरीन.